बाबूजींनी मागितलेली माफी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, लेकीला नाही, आणि ज्या दोस्तांबरोबर अर्धं आयुष्य दमकलवर काढलं — आमच्या रायपुरात आगीच्या बंबाला दमकल म्हणतात — त्यांनाही नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर मी पुन्हा तीच जुनी गोष्ट सांगितली असती आणि तुम्ही हसला असता.

आधी माझ्याबद्दल दोन बरे शब्द सांगून घेतो, नंतर संधी मिळायची नाही. मी फायरमन आहे. चांगला फायरमन आहे. खोटी नम्रता मला जमत नाही. बीरगांवकडच्या कारखान्यांत रंगाची गोदामं पेटलेली पाहिली आहेत, आत जाऊन माणूस खांद्यावर घालून बाहेर आलो आहे. शाल-श्रीफळ मिळालं, पेपरात फोटो आला. नव्या पोरांना मी सांगतो, भीती वाटली तर वाटू द्या, पण पाय पुढं टाका. पोरं ऐकतात. मी सांगतो तेव्हा माझा आवाज जराही हलत नाही.

मग जे सांगायचं आहे ते कुठून सुरू करू? वंदनापासूनच करतो. वंदना माझी बायको. आमच्या लग्नाची गोष्ट ती अशी रंगवून सांगते की नात्यागोत्यात सगळ्यांना पाठ झाली आहे. तिच्या तोंडून ऐकायला हवी, पण मी थोडक्यात सांगतो.

तेव्हा छत्तीसगड नुकतंच वेगळं राज्य झालं होतं आणि आमचं रायपूर एका रात्रीत राजधानी. लाल दिव्याच्या गाड्या, रोज कोणी ना कोणी पाहुणे, आणि पाहुणे यायचे हेलिकॉप्टरनं. जिथं हेलिकॉप्टर उतरणार तिथं दमकल उभी पाहिजे, हा नियम. आम्ही जाऊन आधी जमिनीवर पाणी मारायचो, धूळ उडून साहेबांच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून, आणि मग उन्हात उभे. आगी कमी आणि हेलिकॉप्टरं जास्त, असं आम्ही म्हणायचो. त्याच दिवसांत वंदनाचं आणि माझं जमलं. मी ब्राह्मणपाऱ्यात भाड्याच्या खोलीत राहायचो, खाली टायपिंगचा क्लास होता, ती तिथं यायची. राहायला बीरगांवला. वडील तिथल्या एका कारखान्यात फिटर. त्यांना सगळे बाबूजी म्हणत.

एका रविवारी मी बाबूजींकडे जाऊन रीतसर मागणी घालायची, असं ठरलं. बाबूजींनी विहारातली दोन वडीलधारी माणसं बोलावून घेतली. चार माणसांत शब्द व्हावा, पोरीची बाब आहे. घरात सकाळपासून स्वयंपाक. आणि मी आलोच नाही. शेजाऱ्यांकडे फोन आला — अचानक हेलिपॅडची ड्यूटी लागली, पुढच्या रविवारी येतो. बाबूजींची चारचौघांत मान खाली गेली. ते म्हणाले, पुढच्या रविवारी यायची गरज नाही. वर्ष सरायच्या आत त्यांनी वंदनाला राजनांदगावला एका मुलाच्या घरी देऊन टाकलं. त्या माणसानं दुसरं घर केलं. वंदना लहानग्या पल्लवीला कडेवर घेऊन बापाकडे परत आली. मग पुष्कळ वर्षांनी ती आणि मी पुन्हा भेटलो आणि आमचं लग्न झालं. "एका हेलिकॉप्टरपायी नवरा इतका उशिरा भेटला," असं म्हणून वंदना गोष्ट संपवते, आणि पाहुणे हसतात. मीही हसतो.

त्या दिवशी हेलिकॉप्टर आलं नव्हतं.

ड्यूटीही नव्हती. मी रजा काढली होती. इस्त्रीचा शर्ट, दोस्ताची मोटारसायकल, हँडलला पेढ्यांच्या डब्याची पिशवी. बीरगांवच्या वळणापर्यंत मी मजेत गेलो, अगदी गाणं म्हणत. वळणावर एक पानठेला होता आणि ठेल्यावर माझे मावसा उभे होते. ते त्याच भागात नोकरीला होते, हे मी विसरलोच होतो.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्हाला वाटेल मावशीच्या नवऱ्याला एवढं काय घाबरायचं. आम्ही विदर्भातले, वंदनाचे लोकही विदर्भातले. बोली एक, खाणंपिणं एक. पण ते बौद्ध, आणि आमच्या घरात त्यांच्यातलं कोणी आलं तर चहाचा कप वेगळा निघायचा. मी तो कप लहानपणापासून पाहत आलो होतो. वंदनाला मी सांगितलं होतं, घरच्यांचं मी बघतो, तू काळजी करू नको. फार रुबाबात सांगितलं होतं.

मावसांनी साधंच विचारलं. "काहून रे, इकडं कोणाकडं?"

मी म्हणालो, "कोणाकडं नाही. असाच."

बस, एवढंच. त्यांनी डब्याकडे पाहिलं, मी म्हणालो, तुमच्याकडंच निघालो होतो. मग मी त्यांच्याबरोबर त्यांच्या घरी गेलो, मावशीच्या हातात पेढे दिले, चहा प्यायलो. मावशी म्हणाली, आज बरी आठवण आली. तिथून वंदनाचं घर चालत जाण्याच्या अंतरावर होतं. कोणी मला अडवलं होतं का? आईनं शपथ घातली होती? मावसांनी दम दिला होता? कोणी काही म्हटलंच नव्हतं. नुसता कोणी पाहील एवढ्यानं मी फिरलो.

परत येताना चौकातल्या बूथवरून फोन केला. पाहुणे कोण, कुठून येणार, किती वाजता, साहेबानं मलाच कसं पकडलं — सगळं सविस्तर सांगितलं. खरोखर ड्यूटी लागलेला माणूस एवढं सांगत नाही. 'ड्यूटी लागली' म्हणतो आणि ठेवून देतो. बाबूजींचा निरोप आला की आता यायची गरज नाही, तेव्हा मला काय वाटलं, सांगू? हायसं वाटलं. वंदना रडली असेल, हे त्याच्या नंतर मनात आलं.

तुम्ही म्हणाल, मिळाला गुन्हा. भेकडपणा केला, खोटं बोलला, तरुण होता. मीही बरीच वर्षं स्वतःला असंच सांगत होतो. पण सांगायचं आहे ते हे नाही. हे तर मी कदाचित कधीतरी हसत हसत कबूलही केलं असतं.

आम्ही पुन्हा भेटलो ते शंकर नगरच्या एका शाळेत. शाळेत आग लागली तर काय करायचं, हे दाखवायला आमची गाडी गेली होती. मी मैदानात डब्यात कापूस पेटवून आग विझवायच्या सिलिंडरची पिन कशी ओढायची ते दाखवत होतो. आता बाईमंडळींपैकी कोणी तरी पुढं या म्हणालो, तर वंदना पुढं आली. तिथं ऑफिसात टायपिंगला होती. तिनं पिन ओढली, आग विझवली, रिकामं सिलिंडर माझ्या हातात दिलं आणि हळूच विचारलं, "उतरलं का तुमचं हेलिकॉप्टर?"

मनातून ती खट्टू नव्हती, चेष्टा करत होती. इतकं सोसून आलेली बाई चेष्टा करत होती. तेव्हा मी खरं बोललो असतो तर? ती निघून गेली असती, बहुतेक. मी म्हणालो, "आत्ताच उतरलं." ती हसली. तिथूनच आमचं दुसऱ्यांदा सुरू झालं.

ते दिवस मी विसरणार नाही. सुट्टीच्या दिवशी पल्लवीला दमकलवर बसवून घंटा वाजवू द्यायचो. पोट्टीला मराठी समजायची पण ती बोलायची हिंदीत, मला आधी 'फायर अंकल' म्हणायची, मग एक दिवस आपणहून पापा म्हणाली. वंदना माझ्यावर पुन्हा विश्वास ठेवायला शिकली, हळूहळू, भाजलेल्या हातानं तवा धरावा तशी. मी तिच्यावर मनापासून प्रेम केलं आणि आजही करतो. यात काडीचंही खोटं नाही. माझी आई तोवर वारली होती. आई गेल्यावर मला हिंमत आली. याला हिंमत म्हणतात का? तुम्हीच बघा.

आणि मग मी बाबूजींकडे गेलो. इतक्या वर्षांनी, त्याच घरी. म्हातारे झाले होते, दम लागायचा. चहा ठेव म्हणून त्यांनी वंदनाला आत पाठवलं. मला वाटलं, आता मला सुनावणार. मी ऐकून घ्यायच्या तयारीनं बसलो होतो. ते खाटेवरून उठले, माझ्यासमोर आले आणि त्यांनी हात जोडले.

"मले माफ कर, पोरा," ते म्हणाले. "तू तं ड्यूटीवर होता. अन् मी रागानं आंधळा झालो. एक हप्ता थांबलो असतो तं माह्या पोरीचे असे हाल झाले नसते."

आता ऐका. हेच सांगायला मी बसलो आहे. मी त्यांचे हात खाली केले आणि म्हणालो, "जाऊ द्या बाबूजी. झालं ते झालं. माह्या मनात काही नाही."

मी त्यांना माफ केलं. ज्यानं माझ्यासाठी घर झाडून, माणसं बोलावून वाट पाहिली, त्या माणसाला मी माफ केलं. आणि तुमच्यापासून काय लपवायचं — मला बरं वाटलं. मोठं झाल्यासारखं वाटलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत होतो. लग्नात ते प्रत्येकाला सांगत फिरले, चूक माझी होती पण जावई मोठ्या मनाचा निघाला. मी शेजारीच उभा होतो, हार घालून.

वंदनानं मात्र त्यांना माफ केलं नाही. बापाचं तिनं सगळं केलं, दवाखाना केला, पथ्यपाणी केलं, पण पूर्वीसारखी जवळ बसली नाही. तुमच्या रागापायी माझी ती वर्षं गेली, असं एकदा माझ्यासमोर त्यांना बोलली. मी एका वाक्यात त्यांना सोडवू शकत होतो. मी काय केलं? वंदनाला म्हणालो, अगं, आता कशाला जुनं काढते. आणि बाबूजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा मी त्यांच्यावर उपकार केला. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. पोरीचं वाटोळं आपण केलं, हेच मनाशी धरून गेले.

मी जळत्या गोदामातून माणसं काढली आहेत. बाबूजींना मी आतच ठेवलं.

तेही मी पचवलं असतं. माणूस काय काय पचवतो. पण गेल्या रविवारी पल्लवीला मागणी घालायला एक मुलगा येणार होता. तिनंच पसंत केलेला, नव्या रायपुरात नोकरी करतो. त्याचे लोक वेगळ्या जातीचे. वंदनानं सकाळपासून पुरणाचा घाट घातला होता. ऐन वेळी त्याचा फोन आला. पल्लवीनं स्पीकरवर टाकला. कुठला साहेब आला, कुठलं काम अडलं, त्यालाच कसं बोलावलं — त्यानं सगळं सविस्तर सांगितलं. कदाचित खरं असेल. मला माहीत नाही. पण मला चौकातला तो बूथ आठवला.

पल्लवी चिडली, म्हणाली, आता पुरे. तर वंदना तिच्याजवळ बसली आणि तिनं गोष्ट सांगायला घेतली. तीच, हेलिकॉप्टरची. पण या वेळी हसवायला नाही. म्हणाली, तुझ्या आजोबांनी एक हप्ता दम धरला नाही, त्याचं मी काय काय भोगलं ते तू पाहिलं आहेस. तू तशी करू नको. पोट्टी रडकुंडीला आली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या शब्दावर तिचा फार भरवसा आहे.

"पापा, आप बोलो. रुकूँ मैं?"

मी म्हणालो, "थांब, बेटा. येईल तो."

ती थांबली आहे. माझ्या सांगण्यावरून.

आता झालं सांगून. मला यावर काही म्हणायचं नाही. उद्या पुन्हा रविवार, तो मुलगा येतो म्हणाला आहे. तो यायच्या आधी, सकाळच्या चहाला, मी दोघींना समोर बसवून हे सगळं सांगणार आहे — पानठेला, पेढे, बूथ, आणि बाबूजींचे जोडलेले हात. वंदना काय म्हणेल याचा मी अंदाज बांधत नाही. त्या मुलासाठी थांबायचं की नाही ते पल्लवी ठरवेल, आणि माझ्याजवळ राहायचं की नाही ते वंदना. मी मध्ये बोलणार नाही.