व्हॅन दारात, व्हिसा नाही

मंडळी, आज फार खचलेय, म्हणून लिहितेय. परवा कॅम्पर व्हॅन घेऊन आम्ही फ्रान्सला निघणार होतो, समुद्रकाठच्या कॅम्पसाइटवर. माझा आणि लेकीचा पासपोर्ट ब्रिटिश, ह्यांचा अजून भारतीय. आज लंडनला ह्यांना व्हिसा नाकारला. कारण म्हणून छापील फॉर्मवर नुसती एका चौकटीत खूण.

नॉटिंगहॅमला घरी परतलो. दारातच हे म्हणाले, "तुम्ही दोघी जा."

मला व्हॅन चालवता येत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. मग स्वतःच हिवाळाभर खपून सजवलेल्या त्या व्हॅनमधल्या गाद्या त्यांनी एकेक करून घरात आणल्या.

जेवताना लेकीने हळूच विचारलं, "आई, बाबा आपल्यातले नाहीत?"

हे ताटावरून उठले. सांगा, तिला काय उत्तर देऊ?