वहिनीचा मीटर आणि माझी बॅटरी

खरं सांगते, वहिनी घरात यायच्या आधी आमच्या वस्तीवर काही पण बिघडलं की लोक मलाच हाक मारायचे. टीव्हीवर चॅनेल दिसेना, मला हाक. शेजारच्या काकूंच्या मोबाईलचा आवाज गेला, मला हाक. आणि काकूंचा आवाज बहुतेक वेळा गेलेलाच नसायचा, बाजूचं बटन दाबलं जायचं, पण मी दोन मिनिटं लई विचार केल्यासारखं तोंड करून मग ते बटन दाबायचे. आण्णा, म्हणजे माझे वडील, येईल त्या पाहुण्याला सांगायचे, "आमच्या घरात इंजिनेर हाय." मी बीएला आहे. इंजिनिअरिंगचा आणि माझा काय संबंध नाही. पण ऐकायला बरं वाटायचं ना!

मग दादाचं लग्न झालं आणि वहिनी आली.

वहिनी नगरची. लग्नाआधी दोन वर्षं नागापूरला एमआयडीसीत एका वर्कशॉपमधे होती. तिथं तिचं काम काय, तर दिवसभर चार्जर आणि पॉवरचे बोर्ड तपासायचे, कुठला चालू, कुठला बाद. तिच्या रुखवतात सगळ्यांनी बघितली ती लोकरीची बदकं आणि भांडी. मी बघितला पेटीतल्या साड्यांच्या खाली ठेवलेला पिवळा मीटर. लाल-काळ्या वायरींचा. मी पेटीचं झाकण पटकन लावून टाकलं.

आठवडा पण झाला नसेल. विहिरीवरची मोटर चालू होईना. दादा वायरमनला फोन लावत बसला. वहिनी डोक्यावरचा पदर खोचून गेली, स्टार्टर उघडला, मीटरच्या दोन काड्या इकडं तिकडं टेकवल्या आणि म्हणाली, "मामा, एक फेज येतच नाहीये. फ्यूज बघा खांबावरचा." फ्यूजच गेला होता! संध्याकाळी आण्णा ओट्यावर बसून, चहा पीत, माझ्यासमोर, मी तिथंच बसलेले असताना, शेजारच्या काकांना सांगत होते, "इंजिनेर आली बरं का घरात."

आली! म्हणजे आधी नव्हतीच!

त्या दिवसापासून सगळे "वैनीला इचार". मिक्सर, वैनीला इचार. दादाच्या गाडीचा हॉर्न, वैनीला इचार. काकू मोबाईल घेऊन आल्या, माझ्यासमोरून सरळ आत गेल्या स्वयंपाकघरात. मी पायरीवर बसलेले. मला "काय गं, जेवली का?" एवढं विचारलं फक्त.

एकच गोष्ट माझी उरली होती, कॅमेरा.

श्रीगोंद्यात एक फोटो स्टुडिओवाले आहेत, त्यांच्याबरोबर मी लग्नांमधे लाईट धरायला जायचे. त्यांचाच जुना कॅमेरा मी घेतला. एक कॅमेरा, एक बॅटरी, एक चार्जर. दादाच्या हळदीत त्याच्यावरच फोटो काढले मी. आणि आता मला पहिली स्वतःची ऑर्डर मिळाली होती. काकूंची लेक माहेरी आली होती, तिचं डोहाळजेवण. स्टुडिओवाले म्हणाले होते, "एकटीनं करून दाखव. चांगलं झालं तर ह्या भागातले छोटे कार्यक्रम तुझ्याकडंच पाठवीन." एकटीनं. हा शब्द मी मनात शंभर वेळा म्हणला असेल.

कार्यक्रम शुक्रवारी चार वाजता. मंगळवारी मी बॅटरी चार्जिंगला लावली. हळदीनंतर दोन महिने कॅमेरा कपाटातच होता, त्यामुळं बॅटरी पार उतरलेली. चार्जरचा लाल लाईट लागून राहायला पाहिजे ना, तर तो पिकपिक पिकपिक करायला लागला. नुसता फडफडतोय. तासाभरानं बॅटरी कॅमेऱ्यात घातली, कॅमेरा मेलेला.

बरं, मी काय येडी नाही. आधी चार्जर भिंतीवरच्या दुसऱ्या बोर्डात लावला. तिथं मोबाईल लावून बघितला, मोबाईल चार्ज होतोय, म्हणजे लाईट आहे. मग वायर हलवून बघितली. मग वाटलं संध्याकाळी सगळ्यांच्या मोटारी चालू असतात, होल्टेज कमी असेल, म्हणून सकाळी सहाला उठून लावली. पिकपिक. आई म्हणाली, "आज सूर्य कुठून उगावला?" मी म्हणलं, "अभ्यास." हे सगळं मी वहिनीपासून लपून करत होते. ती अंगणात आली की मी चार्जरवर ओढणी टाकायचे. आता हसू येतं, पण तेव्हा मला वाटत होतं की तिला कळलं तर संपलंच. ती मीटर घेऊन येणार, दोन काड्या टेकवणार, आणि कॅमेरा पण तिचा होणार.

बुधवारी काष्टीला मोबाईल दुरुस्तीवाल्याकडं गेले. त्यानं बॅटरी उलटी-पालटी केली, त्याच्याकडचा दोन तारांच्या पायांचा चार्जर असतो तो लावून बघितला, आणि म्हणाला, "बॅटरी गेली ताई. नगरवरून मागवावी लागंल. सोमवारपर्यंत येईल."

"शुक्रवारी पाहिजे मला!"

"मग तुमच्या वैनीला दाखवा की. परवा दादांबरोबर आलत्या. माझा हा बोर्ड पडून होता पंधरा दिवस, त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं काय झालंय. लई हुशार बाई हाय!"

मी बॅटरी त्याच्या हातातून ओढून घेतली. काष्टीत पण! माझ्या काष्टीत! मी शाळेपासून त्या दुकानात जाते, त्याला माझं नाव माहीत नाही.

घरी येऊन मोबाईलवर व्हिडिओ बघितले. एक जण सांगत होता, मेलेली बॅटरी फ्रिजमधे ठेवली की जिवंत होते. मला तेव्हा कुणी सांगितलं असतं की तिला आंब्याच्या पेटीत ठेव, तर तेही केलं असतं. मी बॅटरी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली आणि फ्रिजमधे सगळ्यात मागं लपवली. आता नेमकी आमची गाय त्याच आठवड्यात व्याली होती. फ्रिजमधे चिकाच्या बाटल्या. गुरुवारी दुपारी वहिनी खरवस करायला बाटली काढायला गेली, आणि बाटलीच्या मागून माझी काळी डबी.

ती बाहेर आली, पिशवी दोन बोटांत धरून. "ताई, ही मुद्दाम ठेवली आहे का?"

"हो."

"थंड करायला?"

"हो. असतं तसं. कॅमेऱ्याचं वेगळं असतं."

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. ती म्हणाली, "बरं. मग लगेच लावू नका हं. थंड वस्तू बाहेर काढली की तिला घाम येतो. तासभर राहू द्या, पुसा, मग लावा." आणि गेली खरवस करायला.

मी काय केलं असेल? लगेच लावली. फक्त तिनं नको म्हणलं म्हणून. ह्यावेळी लाल लाईट लागलाच नाही. पिकपिक पण बंद.

त्या दिवशी मला खरवस पण गोड लागला नाही. आणि वहिनीनं वेलदोडा घालून लई भारी केला होता, त्याचा वेगळा राग.

शुक्रवारी सकाळी काकू कुंपणापाशी येऊन विचारून गेल्या, "फुलांचे दागिने आलेत गं, चारला ये, झोक्यावरचे फोटो भारी काढ." मी हो हो म्हणलं आणि आत येऊन रडले. आईनं बघितलं. आईला मी सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "तोंड हाय का न्हाई तुला? घरात मानूस हाय, इचार की तिला."

"मी न्हाई इचारणार."

"मग जा मोकळ्या हातानं, अन् काकूच्या लेकीला म्हन, डोळ्यानंच फोटो काढते."

शेवटी गेले. वहिनी भाकरी थापत होती. मी दारात उभी राहून म्हणलं, "वहिनी, बॅटरी." एवढंच. आणि बॅटरी पुढं केली. तिनं पिठाचे हात धुतले, साडीच्या पदराला नाही, टॉवेलला कोरडे केले, एकेक बोट. मग पेटीतून मीटर काढला.

आधी बॅटरी. काड्या टेकवल्या. "सहा व्होल्टच्या वर दाखवतेय. जिवंत आहे." मग चार्जर. "हाही देतोय बरोबर." मी म्हणलं, "मग चार्ज का होत नाही?" तिनं मोबाईलची बॅटरी लावली, म्हणजे टॉर्च हो, आणि माझ्या बॅटरीच्या त्या छोट्या पितळी पट्ट्या असतात ना, त्या डोळ्याजवळ धरल्या. चार पट्ट्या होत्या. कडेच्या दोन करंटच्या. मधल्या दोनपैकी एकीकडं बोट करून म्हणाली, "ही चार्जरला सांगते, बॅटरी गरम आहे का गार. ही बोलली नाही तर चार्जर घाबरतो, करंट सोडत नाही. आणि हिच्यावर बघा काय बसलंय." मग नखानं थोडं खरवडून वास घेतला आणि माझ्याकडं बघितलं. "हळद आहे."

मला एकदम सगळं आठवलं. दादाच्या हळदीत बॅटरी उतरली, तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत हळदीनं भरलेले, तेलात कालवलेली हळद, आणि तसल्या हातानं झाकण उघडून बॅटरी काढून पिशवीत टाकली होती. करवली होते ना मी, दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याला हात लावायला वेळ कुठं. ती हळद दोन महिने तिथंच वाळून बसली.

"म्हणजे आमच्याच लग्नाची!" वहिनी एवढी हसली, एवढी हसली की आई धावत आली. "आत्या, उष्टी हळद मला लावली आणि उरलेली बॅटरीला!" आई पण हसायला लागली. दादा आला, तो हसायला लागला. आण्णांनी बाहेरून विचारलं, त्यांना ओरडून सांगितलं, ते पण हसले. मी एकटी उभी. माझी बॅटरी, माझी चूक, आणि मजा सगळ्यांची तिच्याबरोबर.

माझ्याच कंपासमधला खोडरबर घेऊन तिनं पट्ट्या हळूहळू घासल्या, मग चार्जरच्या पिना, मग कोरड्या कापडानं पुसलं. लावली. लाल लाईट लागला आणि लागून राहिला. अकरा वाजले होते. बाराला आमच्याकडची लाईट जाते, ती पाचला येते. "तासभर मिळेल," वहिनी म्हणाली. "अर्धी भरेल. तिथं मागची स्क्रीन सारखी चालू करू नका, ती लई खाते. डोळा लावून काढा."

मी थँक्यू म्हणलं नाही. म्हणजे म्हणलं, पण बॅटरीकडं बघून.

कार्यक्रम सुरू झाला आणि मी सगळं विसरले. झोक्याला झेंडूच्या माळा, काकूंच्या लेकीच्या डोक्यावर मोगऱ्याचा मुकुट, हातात धनुष्यबाण. बायका ओटी भरतायत, गाणी म्हणतायत. पेढा का बर्फीच्या वाट्या समोर ठेवल्या, तिनं एक उचलली, आणि नेमकं त्याच वेळी वहिनी तिच्या कानाशी वाकून कायतरी बोलली. दोघी फुटल्या हसायला. तिचा मुकुट वाकडा झाला, वहिनीचा हात तो सावरायला वर गेला, मागून उन्हाची तिरीप. मी बटन दाबलं. दाबतानाच कळलं, हा फोटो झाला. असा फोटो माझ्याकडून आधी कधीच निघाला नव्हता.

आणि मला वाटलं, हा फोटो सगळे बघणार. आणि म्हणणार, वैनी काय सुंदर दिसती!

मी कोपऱ्यात गेले. स्क्रीन चालू केली. तो फोटो शोधला, मोठा करून बघितला, पुन्हा बघितला, परत पुढं-मागं केलं. किती वेळ गेला माहीत नाही. मग डिलीट करून टाकला.

शेवटी सगळ्या बायका एकत्र फोटोला उभ्या राहिल्या. काकूंच्या लेकीच्या सासरचे पाहुणे, तिची म्हातारी आजेसासू खुर्चीवर मधे. मी डोळा लावला. कॅमेरा बंद. पुन्हा चालू केला, बंद.

"आता गं?" काकूंचं तोंड उतरलं. मला जमिनीत जावंसं वाटलं. तेवढ्यात वहिनी रांगेतून पुढं आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "काकू, चूक माझी आहे. मीच बॅटरी उशिरा लावली, तोवर लाईट गेली. ताईंनी मला मंगळवारीच सांगितलं होतं." आणि स्वतःचा मोबाईल माझ्या हातात दिला. "ह्याच्यावर काढा. तुमच्यासारखा अँगल मला नाही जमत."

काढला. चांगला आला. निघताना काकू म्हणाल्या, "बारशाला पन तूच ये हां. अन् वैनीलाबी संगं आन, म्हंजी बॅटरीची काळजी न्हाई."

घरी बांधावरून आम्ही दोघीच चाललो होतो. एवढी जळत होते ना मी, की नीट सांगता येत नाही. तिच्या मीटरवर नाही आता. ती सगळ्यांसमोर माझ्यासाठी खोटं बोलली, किती सहज, ह्याच्यावर. मला ते जमलं असतं का? मला माहीत आहे काय केलं असतं मी.

थोडं पुढं गेल्यावर ती म्हणाली, "ताई, ती वाटी उचलली तेव्हा तुम्ही काढला ना एक? आम्ही दोघी हसत होतो. घरी दाखवा बरं का. लग्नानंतर माझा एक पण चांगला फोटो नाही, आईला पाठवला असता."

मी म्हणलं, "हलला वहिनी तो."

"असू द्या," ती म्हणाली. "बारशाला काढू."