करंगळीकडचं हाड

ती घटना आजही आठवते, असं म्हणून अधिकारी बहुधा दरोड्याकडे वळतात. मला आठवतो तो एक मोडलेला डावा हात. तेव्हा मी अंबरनाथच्या पोलीस ठाण्यात होतो.

सुरुवात निनावी फोनने झाली. "मोरिवलीच्या कारखान्यात बाई घसरून पडली असं सांगतील. पडली नाय. सुपरवायझरने गज मारलाय." बाई बारवीकडच्या पाड्यावरची, रोजंदारीवर. मशीनला सुरक्षेचं झाकण बसवल्याशिवाय आत हात घालणार नाही, एवढंच ती म्हणाली होती. आमच्या जमादारांनी तिचा जबाब लिहिला: कोपर आणि मनगटाच्या मध्ये, बाहेरच्या बाजूला गज लागला.

उल्हासनगरहून वैद्यकीय दाखला आला. त्यात मोडलेली बाजू लिहिली होती 'मीडियल', म्हणजे आतली.

सुपरवायझर कडक इस्त्रीत, मॅनेजरचं तीन शिक्क्यांचं पत्र घेऊन आला. खऱ्या गोष्टीला एक शिक्का पुरतो, असा माझा अनुभव. दाखल्यात काय आहे, ते त्याला आधीच कळलं होतं. "सर, बोलते बाहेर आणि तुटलंय आत. बाई फेकते. ओल्या लादीवर पडली." कशी पडली ते दाखवा म्हटलं. त्याने उत्साहाने वाकून तळहात जमिनीला टेकवला. मी तसंच लिहून घेतलं.

तरी कागद त्याच्या बाजूने होता. तक्रार खोटी ठरली असती, तर बाईचं काम तर गेलंच होतं, वर खोटारडी म्हणून नाव झालं असतं. मी दाखला घेऊन उल्हासनगरला, तो लिहिणाऱ्या डॉक्टरबाईंकडे गेलो.

"साहेब, सीधे उभे राहा. हात खाली, तळहात माझ्याकडे."

उभा राहिलो. बाहेरच्या बाकावरचे पेशंट टक लावून बघू लागले. पोलिसाचा पसरलेला हात बघून लोकांना एकच अर्थ सुचतो.

"आता करंगळी बॉडीकडे आली ना? वर्णन करताना माणूस असाच उभा आहे, असं आम्ही धरतो. मग तो झोपलेला असो नाहीतर उलटा. म्हणून करंगळीकडची बाजू आतली, अंगठ्याकडची बाहेरची. आता तोंडावर मार येतोय, हात वर करा."

केला. करंगळीकडची बाजू आपोआप बाहेर, माराच्या समोर आली. बाई आणि दाखला, दोघंही खरं बोलत होते.

"आणि तळहातावर पडलं तर?"

"बहुतेक वेळा मनगटाजवळ, अंगठ्याकडचं हाड मोडतं. मधोमध एकटं करंगळीकडचं म्हणजे बहुधा काठीचा मार. पोलीस असून हे तुम्ही मला विचारताय?"

मी विषय बदलला.

सुपरवायझरला पुन्हा बोलावून त्याचाच जबाब वाचून दाखवला, मग डॉक्टरांचं लेखी मत. तो आधी कुशीवर पडली म्हणाला, मग मशीनवर. शेवटी म्हणाला, "सर, नुसता घाबरवायला उचलला होता." तोवर त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्या कारखान्यात गज नावाची वस्तूच नव्हती.

बाईला बोलावून आत आणि बाहेरचा घोळ समजावून सांगितला. माझ्या नव्या ज्ञानावर मी बऱ्यापैकी खूश होतो. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"सायब, मी पयल्याच दिवशी हात असा वर करून दावला व्हता. जमादार बोलले, हात खाली कर, तोंडानं सांग."

जमादारांनी नियमानेच काम केलं होतं. तिचे शब्द जसेच्या तसे उतरवले होते. त्यानंतर मी ज्या ज्या ठाण्यात गेलो, तिथे जबाब लिहिणाऱ्याला एक सवय लावली. मधून मधून मान वर करायची, आणि समोरचा माणूस हाताने काय दाखवतोय तेही लिहायचं.