सैल भिंत

सुतारकाकांचा तोरा एकच: त्यांनी ठोकलेलं काही हलत नाही. चाळीस वर्षं त्यांनी तेच मिरवलं, आणि शेवटी घरच्याच भिंतीने त्यांचं नाक कापलं.

घर लाकडी सांगाड्याचं, खांबांमध्ये फळ्या. भिंतीपलीकडे शिवणवाल्या बाईंची तीन मशिनं दिवसभर चालायची. भिंतीच्या अलीकडे काकांची नर्स मुलगी रात्रपाळी करून दिवसा झोपायला बघायची. परवा वॉर्डात तिला उभ्या उभ्या डुलकी लागली. "बाबा, रविवारी मी हॉस्टेलवर राहायला जाते," असं म्हणून तिने बॅगही भरली. काकांनी लगेच हातोडा शोधला. घरात होती ती दोघंच.

काकांनी फटी बुजवल्या, वर दुहेरी फळ्या घट्ट ठोकल्या. खडखड तशीच. दुसरा कुणी चिडला असता. काकांना कोडं पडलं, आणि कोडं पडलं की त्यांना घास गोड लागत नसे. त्यांनी पेचकसाचं टोक फळीला टेकवून मूठ कानाला लावली. मंद गुरगुर. मग खांबाला टेकवलं, तर टाका न् टाका मोजून घ्यावा. म्हणजे आवाज फटीतून येतच नव्हता. तो खांबातून, काकांच्याच खिळ्यांवरून, ऐटीत घरात शिरत होता.

उपाय कळला, पण अगदी जिवावर आला. नवी भिंत जुनीला शिवायलाच नको. काकांनी आपलेच खिळे उपसले, दोन बोटं अंतर सोडून वेगळा सांगाडा उभा केला, त्याखाली दाबलेल्या लोकरीच्या जाड नमद्याच्या पट्ट्या घातल्या, मधे लोकर सैल भरली. भिंत दाबली की जराशी हलायची. "हे कुणाला सांगू नकोस," ते मुलीला म्हणाले.

तरी शनिवारी कोपऱ्यात बारीक टकटक उरलीच. पेचकस फिरवत काका एका खिळ्यापाशी थांबले. हाताची सवय, दुसरं काय. नवी भिंत हलू नये म्हणून तो तिच्यातून जुन्या खांबात कधी ठोकला, त्यांनाच आठवेना. त्यांनी तो उपटला आणि सगळं गप्प झालं.

बाईंनी काम थांबवलं असणार, म्हणून ते शेजारी बघायला गेले. तिन्ही मशिनं दणाणत होती. "सकाळपासून उसंत नाही हो," बाई म्हणाल्या.

मुलगी त्या दिवशी सलग सात तास झोपली. उठून तिने बॅगेतले कपडे कपाटात लावले. "बाबा, ही बॅग तेवढी माळ्यावर टाका."

बॅग वर टाकताना काकांचा खांदा भिंतीला लागला आणि भिंत हलली. कुठल्याही पक्क्या कामाचा त्यांना इतका आनंद झाला नव्हता.