भिजवलेल्या हरभऱ्याचा वास

पीएच.डी. करत होते तेव्हा दौलताबादला एका सीताफळाच्या बागेत मला झाडाखाली पिवळट छत्र्या दिसल्या. गावात त्यांना कुत्र्याची छत्री म्हणतात, आमच्या विभागात अळंबी. टोपीच्या कडेला झालर होती आणि देठ मोडला की तो हळूहळू निळा पडायचा. सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंवर बारीक काटे दिसले. कुठल्याच पुस्तकातल्या वर्णनाशी हे सगळं जुळेना.

माझ्या गाईड मॅडमनी डीएनए तपासायला पाठवला. अहवालात एक जवळचा नातलग सापडला, पण दोघांच्या डीएनएत एवढा फरक, की एका प्रजातीत बसवणं अवघड. मॅडमनी चष्मा काढून पुसला.

"नवी आहे गं," म्हणाल्या, आणि सगळ्या विभागासाठी भजी मागवली.

लेख लिहायला बसलो. आकार, रंग, बीजाणू, डीएनए, सगळं झालं. राहिला वास. वाळवलेल्या नमुन्याला तो उरलाच नव्हता. म्हणून मी परत दौलताबादला गेले, ताज्या छत्र्या डब्यात घातल्या आणि शेअर जीपमध्ये बसले. उन्हानं जीप तापलेली, त्यात डब्याचं झाकण सैल.

"कशाचा वास यायलाय गं?" शेजारच्या आजींनी विचारलं.

"नव्या बुरशीचा. पण नेमका कशासारखा, तेच मला सांगता येईना."

झालं! डबा जीपभर फिरायला लागला.

"भिजलेलं पोतं," मागच्या सीटवरचा एकजण म्हणाला.

"काय बी! नव्या चपलीचा हाय," त्याची बायको म्हणाली.

"तुला नाकच नाय."

आजींनी डोळे मिटून लांब श्वास घेतला. "हरभरा. रातभर भिजवलेला."

तेवढ्यात पडेगावच्या अलीकडं ड्रायव्हरनं जीप बाजूला घेतली. आता मला उतरवतो की काय, असं वाटलं. त्यानं हात मागं केला. "इधर लाव, मेरे कू भी देखना." हुंगून झाल्यावर तो गंभीरपणे म्हणाला, "आजी बराबर बोल रै." मग रीतसर हात वर झाले आणि हरभरा निवडून आला. चपलीवाल्या बाई शहर येईपर्यंत नवऱ्याशी बोलल्या नाहीत.

"जीपमधल्या मतदानावर शास्त्र चालतं का?" म्हणत विभागात मॅडमनी स्वतः हुंगलं. परत हुंगलं. मग मुकाट्यानं लिहिलं: वास भिजवलेल्या हरभऱ्यासारखा.

लेख नियतकालिकाकडे पाठवला. काही महिन्यांनी त्यांच्या परदेशी परीक्षकाचा शेरा आला. डीएनएबद्दल चकार शब्द नाही, काट्यांबद्दलही नाही. प्रश्न एकच: हरभरा कोणता, देशी की काबुली?

मॅडम सकाळीच आमच्या घरी आल्या. आईनं दोन्ही हरभरे भिजवून ठेवले होते. आम्ही दोघी डोळ्यांवर ओढणी बांधून बसलो, आणि बाबा आळीपाळीनं वाट्या नाकाखाली धरायला लागले.

"पहिला देशी. तोच वास!" मॅडम ठामपणे म्हणाल्या.

"हो, दुसरा काबुली," मी म्हणाले.

बाबा खोकले. "दोन्ही वेळा काबुलीच होता. देशीची वाटी अजून ओट्यावरच आहे."

परीक्षकाला आम्ही खरं तेच कळवलं: दोन्हींतला फरक आम्हाला नाकानं ओळखता आला नाही. लेख छापून आला. दोन्ही हरभऱ्यांची मात्र आईनं त्याच सकाळी एकत्र उसळ केली, आणि मॅडमनी ती मागून घेऊन खाल्ली.