नाल्याची हजेरी घेणारे मामाजी

माझी पोह्यांची गाडी आज हुडकेश्वरच्या पुलियाशेजारी, म्हणजे नाल्यावरच्या छोट्या पुलाशेजारी, उभी आहे ती आमच्या घरमालकीणबाईंच्या मोठ्या भावामुळे, हे आधी सांगून टाकते. काय घडलं ते मागून सांगेन, कारण घाबरले की मी मुद्दा विसरते आणि हा मुद्दा विसरून मला चालणार नाही. घरमालकीणबाई त्यांना दादा म्हणतात, बाकी सगळी गल्ली मामाजी म्हणते. मामाजींविषयी एक गोष्ट मात्र छातीठोक सांगता येते. लोक सकाळी उठून देवाचं तोंड पाहतात, कुणी आपल्या तळहाताचं पाहतात, आजकाल बरेचजण मोबाइलचं पाहतात; उठल्याउठल्या नाल्याचं तोंड पाहणारा माणूस अख्ख्या नागपुरात हा एकच.

मी गडहिंग्लजकडची. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. नवरा सिमेंटच्या मिक्सर गाडीवर ड्रायव्हर. काम जिकडं निघेल तिकडं गाडी, आणि गाडीमागं आमचा संसार, असं करत करत आम्ही महाराष्ट्राच्या या टोकाचे त्या टोकाला येऊन पडलो. माझा स्वभाव मुळातच भित्रा. खाकी कपड्यातला कुणी, अगदी बँकेचा वॉचमन जरी दिसला, तरी मी पदर सावरून बाजूला होते. अशा बाईनं परक्या शहरात रस्त्यावर गाडी लावली, आणि तीही तर्री-पोह्यांची, म्हणजे वर तिखट रस्सा घातलेल्या पोह्यांची, जे मी इथं येईपर्यंत कधी खाल्लेसुद्धा नव्हते!

मामाजींचं घराणं उमरेडच्या विणकरांचं. लहानपण वडिलांच्या मागाशेजारी गेलं, आणि पुढची सगळी नोकरी मिलमध्ये कापड तपासण्यात. ताग्यावर तागा डोळ्यांखालून घालायचा, खोट दिसली की हात थांबवायचा आणि वहीत लिहायचं. मिल बंद पडली, पण हात थांबवायची सवय काही गेली नाही. तपासायला कापड उरलं नाही म्हणून मामाजी नाला तपासू लागले. पुलियाच्या तोंडाशी त्यांनी नायलॉनच्या दोरीची जाळी बांधली आहे. स्वतः विणलेली. तुटलेला धागा जोडताना विणकर जी गाठ मारतात, तीच गाठ तिच्यात जागोजाग आहे. हत्ती ओढला तरी सुटणार नाही, असं ते सांगतात. हत्ती अजून आलेला नाही, पण एकदा अख्खा सोफा आला होता आणि जाळीनं तो धरला.

रोज सकाळी साडेसहाला मामाजी नाल्यात उतरतात. पायात दोन गमबूट, एक काळा आणि एक हिरवा. दोन्ही नाल्यानंच दिलेले, वेगवेगळ्या वर्षी. जाळीत अडकलेलं सगळं वर काढायचं, त्याच्या वेगवेगळ्या राशी करायच्या, दोरीवर टांगून निथळू द्यायचं आणि मग भंगारवाल्याकडून आणलेल्या हुकाच्या काट्यावर वजन करायचं. मी एकदा विचारलं, “मामाजी, ओल्याचंच वजन केलं तर काय बिघडतं? कचराच तर आहे.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दुधात पाणी घालायला सांगितलं. “नाल्याचं पाणी काहून मोजाचं वं? मोजाचं तं बरोबर मोजाचं.” वहीत पिशव्यांचा रकाना, बाटल्यांचा, थर्माकोलचा, चपलांचा, देवाच्या हारफुलांचा आणि शेवटचा रकाना ‘कायच्या काय’. या शेवटच्या रकान्यात एकदा कवळी आली, एकदा टीव्हीचा रिमोट आणि एकदा खोक्यासकट नवरदेवाचा फेटा. या सगळ्या कामाला मामाजी ‘हजेरी घेणं’ म्हणतात.

हजेरीचा त्रास गल्लीला फार. कारण कोणती पिशवी कुठल्या खिडकीतून आली, हे मामाजींना माहेरच्या माणसासारखं ओळखू येतं. समोर एक रिटायर गुरुजी राहतात, त्यांना साखरेचा आजार. एके दिवशी मामाजी सरळ त्यांच्या दारात उभे. “गुरुजी, तब्येत बरी हाय न? मंगळवारपासून संत्रा बर्फीचे तीन खोके येऊन राहिले तुमच्या मागच्या खिडकीतून.” आत गुरुजींच्या पत्नी भाजी निवडत होत्या. पुढं त्या घरात काय झालं ते सांगत नाही, पण गुरुजी महिनाभर मामाजींशी बोलले नाहीत. खोके मात्र नाल्यात यायचे थांबले. आता ते आमच्या कचऱ्याच्या डब्यात सापडतात. मामाजींच्या लेखी हा विजयच; बर्फी कुणाच्या पोटात गेली याच्याशी नाल्याला काय करायचंय?

माझी त्यांची ओळखही अशीच झाली. गाडी लावून तिसराच दिवस. मामाजी काठीच्या टोकावर चहाचा एक भिजलेला कागदी कप घेऊन आले आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, “हा तुया कप.” मला रडूच फुटलं. “रडून काहून राहिली? मी भांडाले नाही आलो, ओळख कराले आलो.” दुसऱ्या दिवशी घरमालकीणबाईंच्या माळ्यावरून त्यांनी मिलच्या कॅन्टीनमधल्या जुन्या स्टीलच्या प्लेटा आणि काचेचे ग्लास काढले, गोणीत भरून स्वतः खांद्यावर आणले आणि धुवायच्या पाण्यासाठी आपल्या नळापासून गाडीपर्यंत पाइप टाकून दिला. पाइपही नाल्यातलाच असावा; मी विचारलं नाही.

आणि मग त्या हिवाळ्यात, लग्नांच्या दिवसांत, महापालिकेचं ते पत्र आलं. पुलिया वरचेवर तुंबते, पाणी रस्त्यावर येतं आणि याला कारण शेजारची खाण्याची गाडी, सबब आठ दिवसांत गाडी हलवावी; आठव्या दिवशी साहेब पाहणीला येतील. मी ते तीनदा वाचलं. नवरा तिकडं चंद्रपूरच्या कामावर. गाडी गेली तर घरभाडं कशातून द्यायचं, गावी कुठल्या तोंडानं परत जायचं? पत्र घेऊन मी मामाजींकडं धावले. मामाजींनी पत्र हातात घेतलं, उजेडाकडं धरून कापडासारखं तपासलं आणि म्हणाले, “आठ दिवस म्हंजे आठ हजेऱ्या. बस न बाप्पा, लय झाले.”

त्यांना ठाऊक होतं पुलिया कशानं तुंबते. वरच्या वळणावर लग्नाचं एक लॉन आहे. रात्री जेवणं उठली की सकाळी तिथली माणसं पाइप लावून सगळ्या प्लेटा गटारात ढकलतात. मामाजींनी ठरवलं, आठ दिवस जाळीतला काहीही कचरा पालिकेच्या घंटागाडीला द्यायचा नाही. राशी करून, पोत्यांत भरून पुलियाशेजारी ठेवायचा आणि साहेब पाहायला येतील तेव्हा एकेक पोतं उघडून दाखवायचं. सात दिवसांत पोत्यांची भिंत उभी राहिली. मामाजी तिच्याकडं असे पाहायचे, जसं कुणी बांधलेल्या घराकडं पाहावं.

आठव्या दिवशी सकाळी साहेब येणार. आता ऐका माझी अक्कल. आमच्याकडं मोठा माणूस घरी येणार म्हटलं की आधी अंगण झाडतात. माझ्या डोक्यात रात्रभर एकच, साहेब येणार आणि माझ्या गाडीशेजारी एवढी घाण! सहाला घंटागाडी आली आणि मी तिच्या माणसांना चहा पाजून सगळीच्या सगळी पोती तिच्यात चढवून दिली. जागा धुतली. वर रांगोळी काढली, ठिपक्यांची, मोठी. एवढ्यात एक काळा आणि एक हिरवा गमबूट रांगोळीच्या कडेला येऊन थांबला.

“पोते कुठी गेले वं?”

“गाडीला दिली. साहेब येणार ना, मामाजी...” आणि बोलता बोलताच मला कळलं, मी काय केलं ते.

मामाजींनी गमबूट रांगोळीपासून मागं घेतले. मग एवढंच म्हणाले, “चांगली काढली.”

साहेब आले. “इथं तर सगळं चकाचक आहे. कचरा कुठाय?” मामाजींनी वही पुढं केली. साहेबांनी दोन पानं चाळली आणि मिटली. “काकाजी, ही तुमच्या बहिणीची भाडेकरू ना? मग तुम्ही तिच्या बाजूनंच लिहिणार.”

“वाचा तं खरं साहेब. बुधवार पाहा.”

साहेबांनी मोठ्यानं वाचलं. “लॉनच्या प्लेटा, दोन पोते. पोहेवाली: दुधाच्या पिशवीचे कोपरे, एकवीस.” खरंच होतं ते. पिशवी कापली की तो एवढासा कोपरा मी खाली टाकत होते, आणि ते सगळे कोपरे ही जाळी रोज धरत होती. “गुरुवार. पोहेवाली: कोपरे, चौदा. झाऱ्याचा तुटलेला दांडा, एक.” मला वाटलं, संपलं. माझ्याच माणसानं मला लिहून बुडवलं. “शनिवार,” साहेब थांबले. “मी स्वतः: डोळ्यात टाकायच्या औषधाची बाटली. वाऱ्यानं उडाली.” साहेबांनी चष्मा काढला. “हे काय? स्वतःचंपण लिहिता?”

“नाल्यात आलं तं लिहा लागते साहेब. माणूस पाहून लिहिलं तं ते हजेरी नाही, चुगली झाली.”

साहेब हसले. पण हसून झाल्यावर त्यांनी वही पुन्हा उघडली आणि या वेळी पहिल्या पानापासून वाचली, गाडीच्या बाकड्यावर बसून, माझे पोहे थंड होईपर्यंत. उठताना म्हणाले, “उद्या सातला येतो. बाईंना सांगा, काही आवरून ठेवू नका.”

दुसऱ्या दिवशी साहेब स्टुलावर बसले, शेजारी मामाजी. साडेसात झाले, पावणेआठ झाले, नाला नुसता काळा वाहत होता. “आज सुट्टी आहे वाटतं तुमच्या नाल्याला,” साहेब म्हणाले. आणि मग वळणावरून पहिली प्लेट आली. मागून दुसरी. मग पंगत उठल्यासारख्या रांगेनं, वरण-भाताची शितं चिकटलेल्या, एकावर एक. तासाभरात जाळी फुगून धनुष्यासारखी वाकली, पण एक गाठ सुटली नाही. साहेबांनी पँटचे पाय दुमडले आणि नाल्याच्या काठाकाठानं एकटे वळणाकडं चालत गेले.

माझं पत्र रद्द झालं. लॉनवाल्यांना गटाराच्या तोंडाशी लोखंडी जाळी बसवावी लागली, आणि तिथल्या आचाऱ्यांना रोज सकाळी ती कशी साफ करायची हे शिकवायला कोण गेलं असेल ते सांगायला नकोच. मला कुणी काही बोललं नाही. मामाजींनी फक्त एक दुधाची पिशवी हातात घेऊन दाखवलं की कोपरा पूर्ण कापायचाच नाही, पिशवीलाच लटकत ठेवायचा. तेव्हापासून माझ्या नावापुढचा आकडा खाली येत गेला. शून्य लिहिलं त्या दिवशी त्यांनी दोन प्लेट पोहे खाल्ले.

या वर्षी मामाजींचे गुडघे त्यांना खाली उतरू देत नाहीत. आता मी उतरते. ते वर स्टुलावर बसून ओरडतात, “डाव्या बाजूले पाय! अजून डाव्या बाजूले!” आणि माझ्या सातवीच्या अक्षरात मी हजेरी लिहिते. काल वही मिटताना मी विचारलं, तुमचं हे सगळं मी कसं फेडू? त्यांनी पाण्याकडं पाहिलं. त्यांच्या डोळ्यांना आता जाळी नीट दिसत नाही, हे मला कळतं; त्यांना कळू देत नाही. मग म्हणाले, “एक दिवस असा दे, का जाळीत काहीच नाही आलं. मले खाली नेऊन दाखव. हात लावून पाहीन मी.”

सगळं शहर माझ्या हातात नाही, मामाजी. पण वळणापासून पुलियापर्यंत किती घरं आहेत ते मला आता तोंडपाठ आहे, आणि दार वाजवायची भीती मला पूर्वीइतकी वाटत नाही. एका दिवसापुरतं का होईना, मी ते करीन. तुम्हाला धरून खाली नेईन, आणि तुमचा हात रिकाम्या जाळीवर ठेवीन.