चौथी दाढ

बायको वारली त्या दिवशी सकाळी आम्ही दोघं सहा वर्षांच्या नातीला घेऊन घाटकोपरच्या दातांच्या दवाखान्यात गेलो होतो. दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम तेच. नातीच्या मागच्या चार नव्या दाढांवर लेप बसवायचा होता, किडू नयेत म्हणून.

मी वाटभर कुरकुरत होतो. "दुधाच्या दाढा त्या. पडणारच आहेत."

"अहो, एखादा दात पडून तिथं आल्यात का त्या? सगळ्यांच्या मागं, नव्या जागेत आल्यात. जन्मभराच्या आहेत. पोरीच्या शाळेत डॉक्टरीण सांगत होती तेव्हा तुम्ही काय पंख्याकडं बघत होता?"

मुलाच्या वेळी आम्ही हीच चूक केली होती. दुधाची समजून दाढ किडू दिली, शेवटी उपटावी लागली. हिनं ते मनात ठेवलं होतं. स्वतः जन्मभर मिश्री लावून दात घालवलेले, शाळा दुसरीपर्यंत, पण एकदा ऐकलं ते हिला पक्कं. मी चौथी पास, मला काय कळलं? शाट.

डॉक्टरणीनं ना सुई काढली, ना कोरायचं मशीन. दाढ घासली, भोवती कापूस ठेवला, निळं औषध लावून धुतलं, वाळवलं. दाढ खडूसारखी पांढरी झाली. मग खाचांत पातळ लेप सोडला आणि दिव्याच्या निळ्या उजेडात तो घट्ट केला.

बायको खुर्चीला खेटून उभी. "जीभ आत घे गं माझे बाय. थुंकी लागली तर लेप धरत नाही."

डॉक्टरीण हसली. "आजी, माझ्याकडं कामाला या."

"पगार बोला आधी."

तीन दाढा झाल्या. चौथीला पोर कंटाळली, कापूस भिजला. "ओल्यावर लावून उपयोग नाही, उद्या सकाळी आणा," डॉक्टरीण म्हणाली.

दुपारी जेवून बायको जरा आडवी झाली, ती उठलीच नाही. संध्याकाळी मुलानं अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं. मी शर्ट घातला, नातीला चपला घालायला लावल्या. माझी थोरली बहीण दारात आडवी आली.

"अरे, सुतक आहे घरात! काल बायकोला पोचवलीस, आज पोरीला घेऊन कुठं?"

"दातांच्या दवाखान्यात. एक दाढ राहिलीय."

"बारावं झाल्यावर कर ना. लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. तिनं ठरवलेलं काम कधी बारा दिवस थांबलंय का, आक्का?"

ती बाजूला झाली.

दवाखान्यात दाढ वाळवता वाळवता डॉक्टरणीनं विचारलं, "आज आजी नाही आल्या?" मी सांगितलं. तिचा हात थांबला.

"थांबू नका," मी म्हटलं, "दाढ ओली होईल."

आणि चौथी दाढ पुरी होईपर्यंत मी खुर्चीशेजारी उभाच राहिलो.